दोन हात उरले होते



कुठलीही गोष्ट फसली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘कुणामुळं?’ पीक गेलं, ठरलेलं लग्न मोडलं, निवडणूक पडली, कीर्तन रंगलं नाही. कारणं दहा असली तरी शोध एकाच माणसाचा सुरू होतो. तो सापडला की बाकीच्यांना शांत झोप लागते. या सवयीचा आज जरा निवांत विचार करू. त्यासाठी आपल्याला एका परक्या खेळाच्या मैदानावर नेतो. खेळ अनोळखी आहे, पण भोवतीची माणसं अनोळखी वाटायची नाहीत.

माझी लेक अमेरिकेत सिॲटल शहराजवळ राहते. सहकारी सोसायटीत पस्तीस वर्षं हिशेब लिहून मी निवृत्त झालो, तेव्हापासून एक हिवाळा आड तिच्याकडं जातो. तिथल्या हिवाळ्यात पाऊस रेंगाळतो, अंधार लवकर पडतो आणि रविवार आला की घरोघर फुटबॉल लागतो. हा फुटबॉल आपल्याकडच्यासारखा पायांचा नाही. दोन्ही टोकांना निमुळता असा लांबट चेंडू हातात धरून पळायचं, नाहीतर पुढच्या गड्याकडं फेकायचा. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा गडी मैदानात असतात. चेंडू ज्यांच्याकडं आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. शेवटच्या रेषेपलीकडं चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण.

या अकरांत एकजण क्वार्टरबॅक. मधला गडी वाकून पायांमधून चेंडू मागं देतो, तो याच्या हातात. पुढं पाच धिप्पाड गड्यांची भिंत असते. ती भिंत अडीच-तीन सेकंद टिकली तरी पुष्कळ. तेवढ्यात यानं बघायचं: कोण मोकळा आहे, कोण झाकला गेलाय, फेकू की पळणाऱ्याच्या हाती देऊ. कोणता डाव खेळायचा हे बहुतेक वेळा कोच ठरवतात आणि त्याच्या शिरस्त्राणातल्या छोट्या यंत्रातून कानात सांगतात. पण डाव सुरू करायच्या मुदतीतले शेवटचे १५ सेकंद उरले की ते यंत्र बंद होतं. तिथून पुढं कानात कुणाचाच आवाज नसतो.

आपल्या ओळखीचं सांगायचं तर हे कीर्तनकारासारखं आहे. मागं टाळकरी, विणेकरी, मृदंगी सगळे उभे असतात. रंगलं तर ‘बुवा काय बोलले!’ आणि नाही रंगलं तर ‘बुवांना आज जमलं नाही.’ मृदंग उतरला होता, हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. त्या खेळात तर सामना जिंकल्याहरल्याची नोंदच क्वार्टरबॅकच्या नावावर चढते. याने इतके जिंकले, इतके हरले, असं त्याच्या नावापुढं लिहितात. भिंतीतल्या गड्याच्या नावापुढं असलं काही लिहीत नाहीत.

आता मूळ गोष्टीकडं येतो. १ फेब्रुवारी २०१५. ॲरिझोना राज्यातल्या ग्लेंडेल इथं वर्षातला सर्वांत मोठा सामना होता, सुपर बोल. एकीकडं सिॲटलचा सीहॉक्स संघ, आदल्या वर्षीचा विजेता. दुसरीकडं न्यू इंग्लंडचा पेट्रियट्स. सिॲटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन, समोरचा टॉम ब्रेडी. लेकीच्या घरी जावईबापूंचे मित्र जमले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मी चिवडा खात खेळ समजून घेत होतो.

तीन चतुर्थांश सामना झाला तेव्हा सिॲटल २४-१४ असं पुढं होतं. मग ब्रेडीने दोन टचडाउन करून घेतले आणि दोन मिनिटं उरली असताना आकडे उलटले: २८-२४. शेवटच्या दोन मिनिटांत विल्सनने संघाला जवळजवळ सगळं मैदान पार करून आणलं. केअर्स नावाच्या गड्याने तर उताणं पडूनही अंगावर उसळणारा चेंडू धरला. मग मार्शॉन लिंच चेंडू घेऊन पळाला आणि रेषेपासून एक यार्डावर अडवला गेला. एक यार्ड म्हणजे आपले दोन हात. २६ सेकंद शिल्लक, तीन प्रयत्न शिल्लक, आणि मैदानात लिंचसारखा दांडगा पळणारा. घरातले सगळे उभे राहिले होते.

विल्सनने चेंडू लिंचला दिला नाही. रिकार्डो लॉकेटकडं फेकला. माल्कम बटलर नावाचा पेट्रियट्सचा नवखा पोरगा मध्ये घुसला आणि चेंडू त्याच्या हातात गेला. सामना तिथंच संपला. आमच्या घरात कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.

आणि मग माउली, जे सुरू झालं ते मी त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात ऐकत आलोय. तिथं आजही कुणाच्या पडवीत चार माणसं बसली की विषय निघतो: त्या हरण्यात विल्सनचा दोष किती?

शेजारी राहणारा एक सुतार म्हणायचा, दोष कोचांचा. दोन हात अंतर उरलं असताना लिंचच्या हाती चेंडू द्यायचा हे लहान पोरालाही कळतं. जावईबापू म्हणायचे, डाव कुणीही सांगितलेला असो, चेंडू विल्सनच्या हातातून सुटला. तो फेक अडवून ठेवू शकला असता, जमिनीवर टाकू शकला असता. प्रयत्न अजून शिल्लक होते. त्यांचा एक मित्र लॉकेटवर बोट ठेवायचा: तो चेंडूवर तुटून पडायला हवा होता. सामन्यानंतर सिॲटलच्याच एका प्रशिक्षकाने असं काहीसं बोलून दाखवलं होतं आणि ते पुष्कळांना आवडलं नव्हतं. आकड्यांत रमणारा एकजण सांगायचा, त्या मोसमात एक यार्डावरून शंभरावर फेका झाल्या होत्या आणि त्यांतली एकही समोरच्यांच्या हाती गेली नव्हती. उलट लिंचला तिथून पाच वेळा पळायला दिलं, तो एकदाच पार झाला होता. म्हणजे डाव वेडा नव्हता, फळ वाईट निघालं.

त्याच उन्हाळ्यात विल्सनचा नवा करार झाला: चार वर्षांचे ८ कोटी ७६ लाख डॉलर. लगेच सुतारही पक्ष बदलून म्हणायला लागला, जो पैशाचा एवढा वाटा घेतो त्याने दोषाचाही तेवढाच वाटा घ्यावा. हे म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मला वाटत नाही. मानाच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसणाऱ्याने भांडी घासायच्या वेळी गायब होऊ नये.

पण माझं डोकं हिशेबनिसाचं. जमा एका नियमाने आणि नावे दुसऱ्या नियमाने लिहिलेली वही दिसली की मला चैन पडत नाही. म्हणून मी जावईबापूंना विचारलं, याच्या आधीचा सामना कसा झाला होता? उत्तर ऐकून मी चकित झालो.

आधीच्याच सामन्यात, १८ जानेवारीला, याच विल्सनने ग्रीन बेच्या पॅकर्स संघाविरुद्ध एकदा नाही, चार वेळा चेंडू समोरच्यांच्या हाती दिला होता. अर्ध्या सामन्यापर्यंत सिॲटल १६-० असं मागं होतं. पण शेवटी जादा वेळेत त्याची एक लांब फेक केअर्सच्या हाती पडली आणि सिॲटल २८-२२ असं जिंकलं. त्या रात्री त्याच्या हिमतीचं कौतुक झालं. दोन आठवड्यांनी एक चेंडू गेला, तर दहा वर्षं पुरेल एवढा वाद. चार माफ आणि एक माफ नाही. माप दोषाचं असतं तर असं झालं नसतं. आपण मोजतो ते शेवटचं दुःख, आणि ते ज्याच्या हातात दिसतं त्याच्या नावावर लिहितो.

त्या जिंकलेल्या सामन्याची दुसरी बाजूही बघा. ग्रीन बे पुढं असताना सिॲटलने चेंडू मुद्दाम आखूड लाथाडला, परत मिळावा म्हणून. ब्रँडन बॉस्टिक या गड्याचं काम होतं समोरच्याला अडवायचं. चेंडू धरायला मागं दुसरा उभा होता. बॉस्टिकने स्वतःच उडी मारली, चेंडू त्याच्या हातांवरून उसळला आणि सिॲटलला मिळाला. तो त्याचा दोष होताच. पण त्यानंतर या तरुणाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि महिनाभरात संघाने त्याला काढून टाकलं. पॅकर्सनी त्या सामन्यात आणखी किती गमावलं, किती संधी अर्धवट सोडल्या, ते सगळं एका उडीखाली झाकलं गेलं.

आता पुन्हा ग्लेंडेलच्या मैदानावर या. पहिल्याच भागात सिॲटलच्या जेरेमी लेन याने ब्रेडीची फेक आपल्या रेषेजवळ पकडली. केवढं मोठं काम! पण चेंडू घेऊन पळताना तो पडला आणि त्याचा हात मोडला. त्याच्या जागी आलेल्या गड्याला ब्रेडीने पुढं पुन्हा पुन्हा गाठलं. तिसऱ्या भागात क्लिफ ॲव्हरिल डोक्याला मार लागून बाहेर गेला. ब्रेडीवर धावून जाणारा तो मोठा आधार होता. मग शेवटच्या भागात सिॲटलच्या नावाजलेल्या बचावातून १४ गुण गेले. लेनचा हात मोडला नसता तर विल्सनवर ती वेळ आली असती का? आणि लेनचा हात मोडला तो त्याने चांगलं काम केलं म्हणून. हे कुणाच्या खात्यात लिहायचं?

ब्रेडीच्याही दोन फेका त्या दिवशी सिॲटलच्या हाती गेल्या, विल्सनची एकच. सर्वोत्तम खेळाडूचा मान ब्रेडीला मिळाला. तो त्याने कमावलेलाच होता. पण शेवटचे दोन हात सिॲटलने पार केले असते तर लोकांनी ब्रेडीच्या त्या दोन फेका उगाळल्या असत्या.

माल्कम बटलरचं तर मला फार नवल वाटतं. खेळाडूंच्या निवडीत कुठल्याही संघाने त्याला घेतलं नव्हतं. मागल्या दाराने तो संघात आला. शिकत असताना त्याने तळलेल्या कोंबडीच्या दुकानात काम केलेलं. त्या सुपर बोलच्या आधी सरावात त्याच्या संघाने सिॲटलचा नेमका हाच डाव लावून पाहिला होता. तेव्हा बटलर अर्धं पाऊल उशिरा पोचला आणि टचडाउन झाला. कोचाने त्याला तिथल्या तिथं सांगितलं, इथं पोचायलाच हवं. सरावात प्रेक्षक नव्हते, म्हणून त्या चुकीवर कुणाची चर्चा झाली नाही. चुकीला तेवढी जागा मिळाली आणि तिचं शिकणं झालं. खऱ्या दिवशी तो पोचला.

पण सर्वांचा दोष म्हणजे कुणाचाच नाही, असं म्हणून वही मिटून टाकणंही मला पटत नाही. चेंडू विल्सननेच फेकला. तो किंचित पुढं गेला, गड्याच्या अंगालगत राहिला नाही, असं अनेक जाणकार म्हणतात. सामन्यानंतर विल्सनने स्वतःच सांगितलं की दोष माझा, फेकणारा मी. मुख्य कोच पीट कॅरल यांनीही दोष आपल्याकडं घेतला. दोघांनी एकाच वेळी सगळं ओझं मागितलं. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण दोष अंगावर घेणं आणि दोष अंगावर टाकला जाणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्याने माणूस उभा राहतो, दुसऱ्याने वाकतो. तरी एक गोष्ट हिशेबनीस म्हणून नोंदवतो: ‘सगळा दोष माझा’ हे बोलायला थोर असलं तरी वहीत खरं नसतं. ते मनापासून खरं मानणाऱ्याला उद्या जिंकल्यावर ‘सगळं यश माझं’ असंही वाटू लागेल.

आणि लॉकेट? त्याच वर्षी १ नोव्हेंबरला डॅलस इथल्या सामन्यात त्याच्या मानेला भयंकर इजा झाली. जीव वाचला, खेळ कायमचा सुटला. त्यानंतर आमच्या पडवीत त्याच्यावर बोट ठेवणारा मित्र त्याचं नाव घेईनासा झाला. माणूस जायबंदी झाल्यावर आपल्याला त्याचा वाटा लहान दिसू लागतो. वाटा आधीही तेवढाच होता.

हे सगळं मी एवढं का उगाळतोय, ते सांगतो. माझा नातू आता तेरा वर्षांचा आहे आणि तो मुलांच्या संघात क्वार्टरबॅक आहे. गेल्या शरद ऋतूत मी तिथं असताना त्याचा संघ मोसमातला शेवटचा सामना हरला. शेवटच्या मिनिटाला याची फेक समोरच्यांच्या हाती गेली. घरी आल्यावर त्याने शिरस्त्राण गॅरेजमध्ये नेऊन जुन्या खोक्यांमागं ठेवलं. दोन दिवस धड जेवला नाही. संघातली पोरं फोनवर काय काय लिहीत होती, ते त्याने आईलाही दाखवलं नाही.

लेक म्हणाली, “बाळा, तुझी काही चूक नाही.” तो ओरडलाच. कारण चूक होती, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. आईसुद्धा खरं बोलत नाही असं त्याला वाटलं असणार. जावईबापू म्हणाले, “पुढच्या वर्षी जास्त सराव कर.” त्याने ते ऐकल्यासारखं केलं आणि खोलीत गेला.

तिसऱ्या रात्री मी त्याला म्हटलं, चल, हिशेब मांडू. सामना जावईबापूंच्या फोनवर होताच. मी वहीत रेघा मारल्या: डाव, कोणी काय केलं, किती यार्ड गेले, किती आले. दोन रात्री आम्ही तो सामना थांबवून थांबवून पाहिला. भिंत कधी तुटली, कुणाच्या हातून सोपा चेंडू सुटला, कोचाने कुठला डाव उशिरा सांगितला, पंचांनी कधी दंड केला, सगळं त्याच्याच तोंडून लिहून घेतलं. शेवटी संघाला महाग पडलेल्या अकरा नोंदी निघाल्या. त्यांतल्या तीन त्याच्या होत्या.

तो बराच वेळ वहीकडं बघत बसला. मग तुटक मराठीत म्हणाला, “आबा, अजून एक आहे. ती व्हिडिओत दिसत नाही.” शेवटच्या फेकीच्या वेळी त्याला एक गडी मोकळा दिसला होता. पण त्याने चेंडू दुसऱ्याकडं टाकला, कारण तो याचा जिवलग मित्र होता आणि दिवसभरात त्याच्याकडं एकदाही चेंडू गेला नव्हता. मैदानाबाहेर त्या मित्राचे आईवडील उभे होते. तोच मित्र आता याच्याशी बोलत नव्हता.

माउली, पस्तीस वर्षांत अशी नोंद माझ्या वहीत आली नव्हती. ती चूक म्हणू, माया म्हणू, की दोन्ही? सोसायटीत ज्या रकमेचा मेळ लागत नाही, ती आम्ही तात्पुरती अनामत खात्यात टाकायचो. मी तेच केलं. त्याने विचारलं, अनामत म्हणजे काय? मी म्हटलं, “जे तुझं आहे, पण कर्ज की ठेव ते अजून ठरलेलं नाही.”

वही मिटताना तो एवढंच म्हणाला, “हे त्याला सांगायचं नाही.” मी मान हलवली. मित्राचं नाव इथंही लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिरस्त्राण गॅरेजमधून पुन्हा घरात आलं होतं. पुढं त्या दोघांचं बोलणं सुरू झालं का, ते मी परत निघेपर्यंत मला दिसलं नाही. पण त्या रात्री पोरगं पोटभर जेवलं. अकरापैकी तीन आणि एक अनामत, एवढं ओझं तेरा वर्षांच्या खांद्याला पेलतं. अकराच्या अकरा पेलत नाहीत. आणि शून्य सांगितलं तर त्याला ते खरं वाटत नाही.

आपल्याही घरात, गावात, मंडळात काहीतरी फसतच असतं. हिशेब जरूर मांडावा. न मांडलेला हिशेब आतल्या आत कुजतो. पण तो पहिल्या घडीपासून मांडावा, शेवटचा चेंडू ज्याच्या हातातून गेला तिथून सुरू करू नये. ज्याचा त्याला नेमका वाटा द्यावा, कमी नको आणि जास्त तर नकोच. कुणी आपला वाटा आपण होऊन उचलला, तर त्याच्या पाठीवर दुसऱ्यांचेही वाटे लादू नयेत. जे वहीत बसत नाही ते अनामत ठेवायला शिकावं.

आणि वही उघडण्याआधी, हरून आलेल्या माणसाला दारातच ‘कुणामुळं?’ असं न विचारता ‘जेवलास का?’ असं विचारावं.

रामकृष्णहरी.